जावईबापू, पॅक करा

माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं माझं फार जुनं मत आहे. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ते नसल्यामुळे मी जपून वापरतो. नोकरीचा बहुतेक काळ बँकेच्या कर्ज विभागात गेला. समोरचा माणूस खुर्ची कशी ओढतो, पाणी किती घोटांत संपवतो, जामीनदाराचं नाव सांगताना छताकडे बघतो की चपलांकडे, यावरून हा हप्ते वेळेवर भरणार की आपल्याला याच्या गावची एसटी धरायला लावणार, हे मी ताडत असे. नव्यानं लागलेल्या पोरांना मी दोन गोष्टी शिकवायचो. पहिली, माणसाच्या डोळ्यांत बघा. दुसरी, गोल आकड्यावर सही करू नका. दुकानाचा महिन्याचा गल्ला खरा असेल तर तो १,४३,६५० असतो. 'दीड लाख धरा की साहेब' म्हणणारा आकडा घरून ठरवून आलेला असतो. दुसरी गोष्ट रुक्ष होती, म्हणून ती पोरांनी लक्षात ठेवली. पहिली रुबाबदार होती, म्हणून मी.

पोकरची दीक्षा मला भाच्यानं दिली. भाचा म्हणजे मेहुणीचा मुलगा. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, असं आम्ही बरेच दिवस ऐकतो आहोत. हा मोबाइलवर पोकर खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि त्याचं दुकान बसलं. मेहुणीनं लगोलग साईबाबांपुढे नारळ वाढवला. पोराचा पैशाचा नाद सुटला खरा, पण विद्या अंगात राहिली होती. आणि विद्या दिल्यानं वाढते हे त्याला शाळेत नको इतकं पटवलेलं असल्यामुळे तो ती नातेवाइकांत वाटत सुटला.

"काका, तीन पत्ती येते ना तुम्हाला?"

मराठी मध्यमवर्गीय माणसाला या प्रश्नावर एकदम 'हो' म्हणता येत नाही. मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन हे आमच्याकडे उजळ माथ्यानं चालतात. तीन पत्ती येते, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्री आणि शकुनापुरती. मी "शकुनापुरती" म्हणालो. त्यानं पाठकोरा कागद ओढला. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे येतात. त्यातल्या १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते सारखे, म्हणाल तर अवघे ५२.

"म्हणजे काका, चारांतले तीन लोक काहीही हातात नसताना चाल करत असतात."

आमच्या संचालक मंडळाचं इतकं नेमकं वर्णन मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

पोकरमध्ये, त्यानं सांगितलं, प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते झाकलेले. मधे पाच पत्ते सगळ्यांच्या मालकीचे: आधी तीन उघडतात तो फ्लॉप, मग एक टर्न, शेवटी एक रिव्हर. प्रत्येक टप्प्याला चाल लावायची, वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून पॅक व्हायचं. सातांतले उत्तम पाच जुळवायचे. हातात एक्क्यांची जोडी येण्याचा योग २२१ मध्ये एकदा.

"आणि बाकीच्या दोनशेवीस वेळा काय करायचं?"

"समोरच्याला वाचायचं," तो म्हणाला.

माझे कान टवकारले. उभी हयात जे फुकट करत आलो, त्याचा कुठेतरी खेळ होता तर! भाच्यानं मला माइक कॅरो या अमेरिकन जुगारपंडिताचं पुस्तक आणून दिलं. ते १९८४ सालचं, आणि पानोपानी पत्ते हातात धरलेल्या माणसांचे फोटो. कॅरोसाहेबांचा मुख्य सिद्धांत असा, की बळकट असल्याचा आव आणणारा दुबळा असतो आणि दुबळेपणाचं नाटक करणारा बळकट. उसासा टाकून, खांदे पाडून जो चाल वाढवतो त्याला घाबरावं. आपल्याकडे रोखून बघत जो पैसे आपटतो त्याला भ्यायचं कारण नाही. चाल लावताना एखाद्याचा हात एकाएकी थरथरू लागला, तर तो थापा मारत नसून त्याला मोठा हात लागलेला असतो, हे त्यातलं सर्वांत मोलाचं रत्न. मी पुस्तकात पेन्सिलीनं खुणा केल्या. अशा खुणा मी याआधी फक्त रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांवर केल्या होत्या.

भाच्यानं आणखी एक पुस्तक सुचवलं होतं, जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचं, १९४४ सालचं. त्यात पोकरवर अख्खं गणित मांडलंय म्हणे, आणि निष्कर्ष असा, की अधूनमधून थाप मारणं हा स्वभावदोष नसून चांगल्या खेळाचा भाग आहे. कधीच थाप न मारणाऱ्याचा खरा हात आला, की सगळे शहाणे पत्ते टाकून मोकळे होतात आणि त्याच्या खऱ्याला भाव मिळत नाही. हे मला इतकं पटलं की पुस्तक वाचायची गरज उरली नाही.

विद्येची परीक्षा झाली ती साडूंच्या शिरगावच्या बंगल्यावर. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं, की प्रति शिर्डीचं साईमंदिर लागतं. गुरुवारी त्या रस्त्यावर गाडी चालत नाही, सरकते. जवळून द्रुतगती मार्ग घरघरतो, पवना नदी वाहते, आणि थोडं पलीकडे गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम. मावळात बंगला बांधलेल्या माणसाला दोन कर्तव्यं चुकत नाहीत. पावसाळाभर गळणाऱ्या छताबद्दल बोलायचं, आणि आखाडात सगळ्या नातेवाइकांना मटणाला बोलवायचं. साडू दोन्ही मनापासून करतात. पुढे श्रावण तोंड बांधून ठेवणार, म्हणून आखाडातल्या शेवटच्या रविवारी आम्ही तिथे तोंड सोडायला जातो.

पाऊस धो धो. पडवीत सतरंजी पडली. मागच्या अंगणात पत्र्याखाली चुलीवर मटणाचं पातेलं चढलं. भाच्यानं पत्ते काढले आणि साडूंच्या अंगातला वकील जागा झाला.

"पैसे लावायचे नाहीत. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. आता नावात महाराष्ट्र आला, पण दांडका तोच. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं, आणि त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र नशिबाचा म्हणून बाजूला काढला."

"आणि पोकर?" मी विचारलं.

"त्यावर प्रत्येक वकिलाचं वेगळं मत आहे, आणि प्रत्येक मताची वेगळी फी."

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. चैत्रात चिंच फोडून झाल्यावर त्यांनी चिंचोके डब्यात भरून ठेवले होते. प्रत्येकाला शंभर चिंचोके. ज्याचे आधी संपतील त्यानं मटणाचं पातेलं घासायचं, दुसऱ्यानं बाकीची भांडी, तिसऱ्यानं चुलीची राख काढायची. बायको म्हणाली, "मी नुसते पत्ते वाटते. मला बघायचंय." काय बघायचंय ते तिनं सांगितलं नाही.

बसलो आम्ही पाच जण. साडू. काळा गॉगल लावलेला भाचा, ढगाळ हवेत आणि पडवीत. बंगल्याची राखण करणारे मामा. हे मूळचे पवनेच्या काठचे शेतकरी. 'इंद्रायणी'चं भात लावून नुकतेच रिकामे झाले होते. सासूबाई. आणि माणसं ओळखणारा मी.

सासूबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या तळेगाव दाभाड्यात राहतात. सासरे देहूरोडच्या ऑर्डनन्स डेपोत होते. त्यांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनावर त्यांचं नीट चाललंय. मला त्या कायम 'जावईबापू' म्हणतात आणि 'अहो-जाहो' करतात. त्यांच्या तोंडचा आदर पाहून त्यांना आपल्याबद्दल खरंच काय वाटतं याचा थांग लागत नाही. पोकर त्यांनी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. सगळे नियम कळल्यावर त्यांनी एकच शंका विचारली: "म्हणजे पत्ते वाईट असले तरी जिंकता येतं का?" भाचा "हो" म्हणाला. "बरं," असं म्हणून त्यांनी चिंचोके पदरात ओढून घेतले.

सुरुवात झकास झाली. मला एक्क्यांची जोडी आली. मी पॉटचा, म्हणजे मधे जमलेल्या ढिगाचा हिशोब केला, दोन-तृतीयांश काढले आणि सतरा चिंचोके मोजून लावले. सगळे पॅक. जरा वेळानं हातात काही नसताना वीस चिंचोक्यांची मूठ पुढे सरकवली, तर भाचा गॉगलसकट पळाला. वा! मी मनातल्या मनात कॅरोसाहेबांच्या खांद्यावर हात टाकला.

मग साडू. माझ्याकडे राजा आणि राणी. फ्लॉपवर उघडले राजा, राणी आणि चौकी. म्हणजे दोन जोड्या, त्याही राजघराण्यातल्या. मी चाल लावली. साडूंनी चाल वाढवली, आणि वाढवताना त्यांचा हात लटलट कापत होता. चिंचोके बोटांतून निसटून सतरंजीवर सांडले. माझ्या डोळ्यांपुढे कॅरोचं ते पान फडफडलं. हात थरथरतोय म्हणजे मोठा हात! तीन चौक्या असणार, नाहीतर तीन राजे. मी मंद हसलो, माझी राजाराणी उताणी न करता टाकली आणि म्हणालो, "साडूभाऊ, आम्ही ओळखतो माणसं."

साडूंनी पत्ते दाखवले. एक चौकी, आणि दुसरा पत्ता सांगण्यासारखा नव्हता. "मला वाटलं तुम्ही सोडणार नाही," ते घाम पुसत म्हणाले. तेवढ्यात मेहुणी धावत आली आणि तिनं त्यांच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, मटण शिजायला उशीर झालेला, आणि साखर उतरलेली. पाच मिनिटांत हात स्थिर झाला. कॅरोसाहेबांच्या पुस्तकात फोटो भरपूर आहेत. रक्तातल्या साखरेचा एकही नाही.

यानंतर मी मोहरा मामांकडे वळवला. मामा सोपे वाटत होते. ते दर डावाला "ह्यात हुकूम कंचा?" असं विचारत होते. माझ्याकडे बदामचा राजा आणि बदामची नव्वी आली. फ्लॉपवर बदाम दुर्री, बदाम सत्ती आणि इस्पिक राणी. चार बदाम झाले, पाचवा आला की फ्लश. उरलेले बदाम नऊ, आणि अजून दोन पत्ते उघडायचे. भाच्यानं शिकवलेलं गणित होतं, की अशा वेळी साधारण ३५ टक्के संधी असते. मी चाल लावत गेलो. टर्नला चौकट पंजी आली, रिव्हरला किलवरचा गुलाम. बदाम रुसले. माझ्याकडे नुसता राजा उरला.

आता फॉन नॉयमन. थाप मारायची हीच वेळ. पॉटमध्ये चाळीसच्या आसपास चिंचोके होते. मी चाळीसचा ढीग पुढे लोटला आणि मामांच्या डोळ्यांत बघितलं. बँकेत या नजरेनं भल्याभल्यांनी जुन्या थकबाकीची कबुली दिली होती. मामांनी निवांतपणे माझी नजर परत केली.

"सायेब, आता हितवर आलोय तर बगूनच जातो."

"मामा, विचार करा. मोठी चाल आहे."

"चिंचोकं तर हाईत. त्यात काय इचार." त्यांनी चाळीस मोजले आणि पत्ते उलटले. एक पंजी होती, एक तिर्री. "जोडी हाय बगा पंज्यांची. जोडी चालती न्हवं?"

जोडी चालली. भाचा माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काका, जो पत्ते टाकतच नाही त्याच्यावर ब्लफ मारायचा नसतो. थाप कळायला समोरच्याला भीती वाटावी लागते." हे सुभाषित चाळीस चिंचोके आधी मिळालं असतं तर उपयोग झाला असता. मामांना माझ्या पत्त्यांची, माझ्या नजरेची किंवा त्या पातेल्याची कसलीच भीती नव्हती. पातेलं ते एरवीही घासतातच.

त्यानंतर नशिबानं कूस बदलली, आणि ती बदलली हेच वाईट झालं. हातात दश्शीची जोडी. फ्लॉपवर आणखी एक दश्शी आणि दोन तिर्र्या. फुल हाउस! आता फक्त सासूबाई डावात होत्या. पॉटमध्ये चौतीस चिंचोके. त्यांना पळवायचं नाही, ओढून आणायचं. मी दोन-तृतीयांश काढले. बावीस पूर्णांक सहासष्ट. तेवीस. मोजून तेवीस चिंचोके ठेवले, खांदे पाडले, कॅरो म्हणतो तसा एक हलका उसासा टाकला आणि खिन्नपणे पावसाकडे बघत बसलो. पृथ्वीतलावरचा कुणीही माणूस या दुःखाला भुलला असता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. तेवीस चिंचोक्यांकडे पाहिलं. "नको बाई," म्हणाल्या आणि पत्ते टाकले. "पोटात दुखतंय का हो जावईबापूंच्या?" हे बायकोला.

मटण झालं. भाकरी, रस्सा, वर इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात. साडूंची साखर वर आली आणि तिच्याबरोबर इतिहास वर आला. आखाडात वडगावच्या लढाईचं व्याख्यान झाल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नाही, आणि लढाईही इथलीच असल्यामुळे कुणाला तक्रार करता येत नाही. मुंबईकर इंग्रजांचं सैन्य राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला घाट चढून आलं. हजारो बैल, तोफा, दारूगोळा. मराठे सरदार फुटून दादांना येऊन मिळतील, असा त्यांना भरवसा दिलेला. कुणी मिळालं नाही. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपल्या लोकांनी 'इष्टुर फाकडा' म्हणून गौरवलेला. ९ तारखेला सैन्य तळेगावात पोचलं, तर गाव मराठ्यांनी स्वतःच रिकामं करून जाळून टाकलेलं. दाणा नाही, वैरण नाही. ११ च्या रात्री इंग्रजांनी अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप माघार घेतली. मराठ्यांनी त्यांना वडगावात गाठून कोंडलं, आणि महादजी शिंद्यांपुढे तहाला बसावं लागलं. साष्टी परत द्यायची, दादांना हवाली करायचं. वडगावला आज त्याचा विजयस्तंभ उभा आहे.

"आणि पुढे वरिष्ठांनी तह मानायलाच नकार दिला," साडू नळी चोखत म्हणाले. "सही केलेल्याला अधिकारच नव्हता म्हणे."

या सगळ्यातून शहाण्या माणसानं एवढं घ्यावं, की शत्रूच्या मनात काय आहे हे राघोबादादांना विचारून डाव मांडू नये. मी घेतला तो धडा निराळा होता. इंग्रज बुडाले कशामुळे? तळेगावला त्यांनी पाय मागे घेतला त्यामुळे! पुढे रेटले असते तर पुणं समोर होतं. राजाराणी टाकून मी तेच केलं होतं. आता माघार नाही. दोन वाट्या रस्सा पोटात असताना हे युद्धशास्त्र फार तर्कशुद्ध वाटतं.

जेवणानंतरचा डाव. माझ्याकडे गुलाम आणि अठ्ठी. मधे उघडले इस्पिक नव्वी, किलवर नव्वी, चौकट राजा, बदाम छक्की, किलवर तिर्री. माझा कशाशीच संबंध जुळत नव्हता. पण मधे दोन नव्व्या उताण्या पडलेल्या; तिसरी माझ्या हातात आहे असं कुणालाही वाटू शकत होतं. बाकीचे पॅक झाले होते. समोर सासूबाई. पॉटमध्ये चाळीस. माझ्याकडे उरलेले बरोबर पन्नास. मी पन्नासच्या पन्नास पुढे लोटले आणि या वेळी कॅरोलाही चकवायचं म्हणून ना रोखून बघितलं ना उसासा टाकला. चेहरा कोरा ठेवला. आरशासमोर सराव केलेला चेहरा होता तो.

भाचा आजीला समजावू लागला: "आजी, पन्नास घालून नव्वद जिंकायचेत. शंभरातल्या छत्तीसपेक्षा जास्त वेळा काका थाप मारत असतील असं वाटलं तर कॉल कर."

"एवढ्या वेळा?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या चिंचोक्यांच्या ढिगाकडे पाहिलं, "उरलेले सगळे आहेत ना? बरोबर पन्नास?" असं विचारलं, आणि पदरातले पन्नास मोजून पुढे ठेवले. सत्त्यांची जोडी होती त्यांच्याकडे. सत्त्यांच्या जोडीवर त्यांनी माझं सगळं राज्य घेतलं.

बायकोला जे बघायचं होतं ते बहुधा हेच असावं. ती पत्ते गोळा करून खिडकीकडे तोंड करून हसत होती.

मी रीतसर शरण गेलो. "सासूबाई, माझ्या चेहऱ्यावर नेमकं काय दिसलं तुम्हाला?"

"चेहऱ्यावर काय दिसायचंय," त्या आपुलकीनं म्हणाल्या. "सांगते. पण फुकट नाही. नळराजाला ऋतुपर्णानं फाशांचं मर्म शिकवलं, ते नळानं घोड्यांची विद्या दिली तेव्हा."

"माझ्याकडे घोडे नाहीत."

"बँक आहे. नोव्हेंबरात माझा हयातीचा दाखला तुम्ही द्यायचा करून. मला त्या मशीनवर अंगठे उमटवत बसवत नाही."

सौदा पटला. तेव्हा सासूबाईंनी जे सांगितलं ते मी शब्दशः देतो, कारण त्यात माझी पदरची अक्कल घालायला जागा नाही.

"तुमचे पत्ते खरे असले की तुम्ही हिशोब करता. बोटांवर काहीतरी मोजता आणि मग सतरा ठेवता, तेवीस ठेवता. पत्ते खोटे असले की हिशोब कशाचा करणार? मग वीस, चाळीस, पन्नास. मंडईत भाजीवाली खरा भाव सांगते तेव्हा सव्वीस म्हणते. फसवायचं असलं की तीस. तुमचं तोंड बघायला मला कुठे वेळ होता? मी आपली चिंचोके बघत होते."

पडवीत क्षणभर फक्त पावसाचा आवाज होता. 'गोल आकड्यावर सही करू नका' हे वाक्य मी किती पोरांच्या डोक्यात ठोकून बसवलं असेल! ती पोरं आज शाखा सांभाळतात. आणि त्यांचा गुरू गटागटानं दहा-दहाचे गोल ढीग लावून एका वृद्ध महिलेपुढे उत्पन्नाचा खोटा दाखला सादर करत बसला होता. भाचा म्हणाला, मुरलेले खेळाडूही चेहऱ्याच्या नादी फारसे लागत नाहीत. कोण, कधी, किती लावतो याचीच मनात वही ठेवतात. चेहरा खोटा करायला फार अभ्यास लागत नाही. आकडा खोटा करायला लागतो.

मर्म हाती आल्यावर ते वापरल्याशिवाय राहवेना. चिंचोके मात्र संपलेले. मामांनी मोठ्या मनानं डबा पुढे केला. "घ्या सायेब माझ्यातलं. किती द्यू?"

"पन्नास द्या."

"बघा हं मामा," सासूबाई म्हणाल्या, "गोल आकडा मागतायत."

मामांनी डबा मागे घेतला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मी खुर्चीवर असतो तर खुर्ची कशी ओढली तेही त्यांनी पाहिलं असतं. "परत कधी द्येनार?" मी पुढच्याच डावात म्हणालो आणि, आता आठवून सांगतो, ते म्हणताना छताकडे बघितलं. "जामीन कोन?" बायको राहिली जामीन. अशा तऱ्हेनं आयुष्यात पहिल्यांदा मी कर्जमंजुरीच्या पलीकडच्या बाजूला बसलो आणि तिथून दृश्य अगदीच वेगळं दिसतं, एवढं बँकेतल्या बांधवांच्या माहितीसाठी नोंदवून ठेवतो.

डाव पडला. माझ्याकडे राणी आणि पंजी. मधे काही म्हणता काही जुळेना. पुन्हा शेवटी मी आणि सासूबाई. पॉटमध्ये चाळीस. आता मी शहाणा झालो होतो. आधी बोटांवर मोजलं. ओठ हलवले. दोन-तृतीयांश म्हणजे सव्वीस पूर्णांक सहासष्ट. मग एकेक चिंचोका वेचून, एकदा चुकल्यासारखं करून, पुन्हा मोजून, सत्तावीस ठेवले. विषम, अवघड, हिशोबी, प्रामाणिक सत्तावीस! एखादा लेखापरीक्षकसुद्धा त्या आकड्याला हात लावायला धजला नसता.

सासूबाईंनी तत्काळ सत्तावीस पुढे सरकवले.

"आजी, तुझ्याकडे आहे काय?" भाच्यानं गॉगल काढला.

"एक्का आहे नुसता." त्यांनी पत्ते उलटले. एक्का होता नुसता. माझ्या राणीला तो पुरेसा होता.

"पण सासूबाई, विषम होता की आकडा!"

"शिकवलेलं इतक्या लगेच वापरायचं नसतं, जावईबापू," त्या चिंचोके पदरात भरत म्हणाल्या. "ऋतुपर्णाशीच खेळायला बसायचं नसतं. आणि मामांचं कर्ज फेडा आधी, जामीनदार माझी लेक आहे."

कर्ज फेडायला चिंचोके नव्हते. मामांनी तडजोड केली: पातेलं माझं ठरलेलंच होतं, भांडीही मीच घासायची आणि चुलीची राखही मीच काढायची. एकरकमी परतफेड. मी बाह्या सरसावून अंगणात निघालो, तेव्हा पडवीतून सासूबाईंचा आवाज आला.

"जावईबापू, रस्सा बुडाला लागलाय. आधी पाणी घालून भिजत ठेवा, आणि तोवर या, एक डाव होईल."